बहीण 15 वर्षांची, 3000 मीटर पळते. उटीच्या कॅम्पला पाठवू काय?

उद्यमबागचा दादा:

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट लांब हाय पण पूर्ण वाचा, घरात सगळे माझ्याच तोंडाकडं बघूलेत आणि मला यातलं फारसं कळत नाही म्हणून विचारूलोय.

माझी धाकटी बहीण नववी संपवून आता दहावीला जाणार, जानेवारीत 15 पूर्ण झाली. गाव आमचं खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. घरापासून हायस्कूल तीन किलोमीटर, बस चुकली की ही पळतच जायची, तिथूनच सुरू झालं सगळं. शाळेच्या सरांनी सहावीत असताना तालुक्याला उतरवलं, मागल्या वर्षी जिल्ह्यापर्यंत गेली. 3000 मीटरला 11 मिनिटं 18 सेकंद आणि 1500 ला 5 मिनिटं 14. हे चांगलं का वाईट ते तुम्हीच सांगा, आमच्या गावात मात्र तिच्याबरोबर पळणारं पोरगं पण नाही आता.

दर रविवारी ती बेळगावला येते, ग्राउंडवर एक सर प्रॅक्टिस घेतात. त्यांनी एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत 21 दिवसांचा कॅम्प ठरवलाय, उटीला. 14 ते 17 वयाची वीस-बावीस पोरंपोरी. फी 16 हजार, शिवाय जाण्यायेण्याचं वेगळं, राणी चन्नम्मा रेल्वेनं बेंगळूर आणि तिथनं बस. सर म्हणतात उंचावर पळलं की रक्त वाढतं, खाली आली की 3000 चं टायमिंग मिनिटभर उतरंल. रोज दोन वेळा प्रॅक्टिस, काही दिवशी तीन वेळा.

आबांची दोन एकर भातशेती आणि थोडा काजू, तेवढ्यातनं फी काढणं शक्य नाही. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला हाय, ओव्हरटाइम करून मी भरतो म्हणालोय, पैशाचं नंतर बघता येतंय. पण दिवाळीपासून तिचं टायमिंग अडकलंय. आधी प्रत्येक मीटला चार-पाच सेकंद कमी व्हायचे, आता उलट जास्त लागूलेत. घरी आली की दप्तर टाकून झोपते, आई हाक मारून दमते. सकाळी उठली की नडगी दुखते म्हणते, थोडं पळालं की थांबतं म्हणून तिनं सरांना सांगितलंच नाही. सर म्हणतात अडकलंय म्हणूनच डोंगर पाहिजे, इथल्या हवेत आता तिची वाढ होणार नाही.

खरंच उंचीचा एवढा फरक पडतो काय? या वयात पाठवावं काय? आणि आपल्याकडं कणकुंबीचा घाट हाय, राजहंसगड हाय, तिथं पळून हेच होणार नाही काय? तिला मात्र जायचंच हाय, बॅग काढून ठेवलीय तिनं आत्तापासून.

निवृत्त सुभेदार:

बाळा, पाठव. आपल्या भागातली पोरगी एवढी पुढं आलीय आणि तू विचार करत बसलास. मी बेळगावच्या मराठा सेंटरात ट्रेनिंग केलं, नंतर 24 वर्षं नोकरी, त्यातली बरीच डोंगरातच. घराबाहेर पडल्याशिवाय शिस्त येत नाही, आईच्या हातचं खाऊन आणि बहिणीच्या लग्नाला सुट्ट्या घेऊन कोण पळणारा झालेला मी बघितला नाही. अविनाश साबळेचंच बघ की. बीड जिल्ह्यातलं मांडवा गाव, आई-वडील दुसऱ्याच्या शेतात आणि वीटभट्टीवर राबायचे, हा शाळेला सहा किलोमीटर जायचा. बारावी झाली तसा महार रेजिमेंटला भरती झाला, सियाचीन बघितलं, राजस्थानचं वाळवंट बघितलं, आणि 2022 ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंद, रौप्य. सोनं गेलं फक्त 0.05 सेकंदानं. केनियाच्या पोरांच्या मधे घुसून आणलेलं पदक हाय ते. कष्टानं होतंय सगळं.

एक मात्र सांगतो, उंचीवर गेल्या गेल्या पळायचं नाही. आमच्याकडं नऊ हजार फुटाच्या वर नेलं की पहिले सहा दिवस सवय व्हायला द्यायचे, त्यातले पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती, चालायचं पण थोडंच. उटी तेवढी उंच नाही पण पोरं लहान हायत. सर पहिल्या दिवशीच राऊंड मारायला लावणार असतील तर तेवढं विचार.

शिनोळीचा पीटी मास्तर:

मी सीमेवरच राहतो, शाळा महाराष्ट्रात आणि बाजारहाट बेळगावात, 19 वर्षं पोरं पळवूलोय. 15 व्या वर्षी 11.18 म्हणजे पोरगी चांगलीच हाय, त्यात शंका नको. आता उंचीचं सांगतो कारण यात लोक फार गोंधळ करतात आणि पैसे जातात.

डोंगरावर ऑक्सिजन कमी असतो असं म्हणतात, पण हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडं 21 टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो, मग किडनी एक हार्मोन सोडते, एरिथ्रोपोएटिन, आणि हाडातल्या मगजात तांबड्या पेशी जास्त तयार होऊ लागतात. याला उंची पाहिजे साधारण दोन हजार मीटरच्या वर आणि वेळ पाहिजे तीन-चार आठवडे. बेळगाव हाय साडेसातशे मीटरच्या आसपास. कणकुंबी, आंबोली, राजहंसगड, महिपालगड यातलं काहीच त्या हिशोबात बसत नाही. पाचगणी-महाबळेश्वर पण तेराशेच्या आसपास, तिथं हवा गार मिळते, चढ मिळतात, पण रक्त वाढायला गेलो म्हणणं चुकीचं. उटी मात्र 2240 मीटर, म्हणजे बरोबर मेक्सिको सिटीएवढी उंच. 1968 चं ऑलिंपिक तिथं झालं तेव्हाच जगाला हे कळलं. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, किती तरी विश्वविक्रम त्याच्या नावावर, तो 10000 मीटर संपवून ट्रॅकवरच कोसळला, ऑक्सिजन लावावा लागला, आणि केनियाच्या डोंगरात वाढलेला किप केइनो 1500 ला सोनं घेऊन गेला. तेव्हापासून सगळे डोंगराकडं धावूलेत.

तर सरांची जागा चुकीची नाही. पण मिनिटभर उतरणार हे मात्र कुठनं आलं मला माहीत नाही. अमेरिकेत 1997 ला एक चांगला अभ्यास झाला, मोठ्या वयाचे कॉलेजचे पळणारे, चार आठवडे अडीच हजार मीटरवर राहायचे आणि पळायला खाली साडेबाराशेवर उतरायचे. त्यांचा 5000 मीटरला फायदा झाला साधारण 13 सेकंदांचा. राहायचं वर आणि जोरात पळायचं खाली असं का, कारण वर पळताना वेगच येत नाही, पाय हळू पळायला शिकतात. उटीला वर राहून वरच रोज दोन-तीन वेळा जोरात पळवणार असतील तर पोरगी दमून परत येणार. पहिल्या आठवड्यात झोप नीट लागत नाही, तहान कळत नाही आणि पाणी मात्र जास्त लागतं, टायमिंग वाईट येतं. ज्याला हे माहीत नाही असा कोच पोरांना आळशी म्हणतो.

आणि सुभेदार साहेब, रागावू नका, तुम्ही साबळेचं उदाहरण दिलं ते मला उलट्या बाजूनं दिसतं. तो 15 व्या वर्षी कुठल्या कॅम्पला नव्हता. ट्रॅकवर नीट पळायला लागला तो सैन्यात गेल्यावर, विशीनंतर. तोवर शाळेला जाणं आणि शेतातलं काम, तेवढंच. ललिता बाबर पण तशीच, माण तालुक्यातल्या मोही गावची, स्टीपलचेसला उतरली तेव्हा पंचविशीत होती आणि 2016 ला रिओत फायनल पळाली, दहावी आली. या पोरीला अजून दहा वर्षं हायत.

घाटात पळण्याबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. रक्तासाठी नाही पण पायासाठी आपला भाग सोन्यासारखा हाय. बेळगावचा डांबरी रस्ता पायाला मारतो, जांभ्याची लाल वाट मऊ असते. चढावर पळालं की मांडीला ताकद येते आणि पाय आपटत नाही, उतरताना मात्र चालत यायचं, नडगी दुखणाऱ्यांनी तर नक्कीच. महिपालगडाच्या रस्त्याला मी पोरांना आठवड्यातनं एकदा नेतो. पण जांबोटी-कणकुंबी बाजूला उजाडायच्या आत सोडू नका, अस्वलं हायत तिकडं आणि काजू-फणस पिकायला लागला की ती वाडीपर्यंत येतात. ऊस सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर. आणि जूनपासून कणकुंबीचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, सप्टेंबरपर्यंत तिकडचं नाव काढायचं नाही.

दिवाळीपासून अडकलंय, दमते, नडगी दुखते. हे मला उंचीपेक्षा जास्त खटकलं. यावर कुणीतरी डॉक्टरकीतलं बोला.

निपाणीची अक्का:

दादा, मास्तरांनी शेवटी जे लिहिलंय तिथनं मी सुरू करते. मी नर्स आहे आणि कधीकाळी मी पण 1500 आणि 3000 पळायचे. हे तुम्हाला वाचायला अवघड वाटेल, पण तुमच्या आईला वाचून दाखवा.

मी 16 वर्षांची असताना एका डोंगरातल्या कॅम्पला गेले होते, कुठल्या ते सांगत नाही, खूप वर्षं झाली. रोज सकाळी सगळ्यांच्या समोर वजन करायचे. ज्या मुलीचं वजन वाढलं तिला जास्तीचे राऊंड. मी भात सोडला, मग भाकरी अर्धी केली, पहिल्या आठवड्यात टायमिंग खरंच कमी झालं आणि सगळे शाबास म्हणाले. तेव्हा मला वाटलं हाच मार्ग आहे. घरी आले तरी तसंच चालू ठेवलं. पाळी थांबली, पाच महिने आलीच नाही, आणि आम्ही मैत्रिणी त्यावर खूश होतो, पळायला बरं म्हणून. कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. सहाव्या महिन्यात शाळेच्या मैदानावर साधं वॉर्मअप करताना डाव्या पायाची नडगी मोडली. पडले नाही, कुणाचा धक्का नाही, चालता चालता मोडावं तसं. एक्सरेत डॉक्टरांनी दाखवलं, आधीपासून बारीक चीर होती. त्यानंतर मी परत पळाले, पण ती मुलगी राहिली नाही.

या सगळ्याला आता नाव आहे, 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं दिलं, रेड-एस म्हणतात. अर्थ एवढाच की पळायला जेवढी ताकद जाते तेवढं पोटात जात नाही, मग शरीर एक एक दुकान बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडं, मग रक्त, मग मन. मुलीच्या हाडांची सगळ्यात मोठी भरती याच वयात होते, नंतर ती भरून काढता येत नाही. मुलांना पण होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसल्यामुळं उशिरा कळतं.

तर दादा, तुम्ही विचारू नका, ती सांगणार नाही. आईला किंवा वहिनी असेल तर तिला विचारायला सांगा. पाळी दर महिन्याला येते का, तीन महिन्यांच्या वर चुकलीय का, की उलट खूप जास्त जाते. दोन्ही महत्त्वाचं आहे. जास्त जात असेल तर रक्तच कमी पडणार. मग एक रक्ततपासणी करा, नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन पण करायला सांगा. हिमोग्लोबिन म्हणजे आजच्या खर्चाचे पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक संपली तरी काही दिवस खर्च चालू दिसतो. तिच्या वयाला हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी, फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेलाच, आणि पळणाऱ्या मुलींना डॉक्टर त्याहून बराच जास्त ठेवायला सांगतात.

आता उटीशी याचा संबंध काय ते बघा. तांबडी पेशी बनते लोहापासून. मास्तर ज्या अभ्यासकांचं सांगताहेत त्यांनीच त्याआधी 1992 ला दाखवलं होतं की ज्या पळणाऱ्यांच्या अंगात लोह कमी होतं त्यांचं रक्त उंचीवर चार आठवडे राहूनसुद्धा वाढलंच नाही. डोंगर फक्त हुकूम देतो, माल घरातनंच न्यावा लागतो. फेरिटिन न बघता 16 हजार भरणं म्हणजे बी न पेरता पाऊस बघत बसणं.

नडगीचं पण आत्ताच दाखवा. बोटानं दाबून बघा, हाडाच्या कडेला लांबवर दुखत असेल तर बहुतेक साधं असतं, विश्रांतीनं जातं. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, टोचल्यासारखं दुखत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडं. माझं तसंच दुखत होतं, आणि मी पण थोडं पळालं की थांबतं म्हणायचे.

शेवटचं. कॅम्पमध्ये मुक्कामाला बाई आहे का, मुलींची खोली वेगळी आहे का, फोन जवळ ठेवू देतात का, आई-वडील मधेच न सांगता आले तर चालतं का. हे सरांना तोंडावर विचारा. चांगला माणूस असेल तर त्याला राग येत नाही. आणि ताकदीसाठी म्हणून कुणी इंजेक्शन, सलाईन, बिननावाची पावडर दिली तर नको म्हणायला तिला आत्ताच शिकवा. हॉस्पिटलच्या उपचाराशिवाय 12 तासांत 100 मिलीच्या वर सलाईन घेणं डोपिंगच्या नियमात बसत नाही, भलेही त्यात नुसतं मीठपाणी असो. डोपिंगची टेस्ट लहान वयाच्या स्पर्धांतही होते आणि नाव मुलीचं खराब होतं, देणाऱ्याचं नाही.

निवृत्त सुभेदार:

अक्का, तुझं वाचलं. दोनदा वाचलं. माझी नात बारा वर्षांची हाय, ती पण पळते आणि परवाच मी तिला भात कमी खा म्हणालो. आजपासून म्हणणार नाही. मास्तरांचं पण बरोबर हाय, साबळे सैन्यात आला तेव्हा गडी झालेला होता, पोर नव्हता. बाळा, आधी रक्त तपासून घे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचार, आणि फेरिटिन तिथं होत नसेल तर बेळगावात कर, त्याचा खर्च लागला तर मला कळव, मी देतो.

उद्यमबागचा दादा:

सगळ्यांचे आभार. काका, खर्चाचं नको, पण तुम्ही म्हणालात तेच खूप झालं. अक्का, आईला वाचून दाखवलं, ती मधेच उठून चुलीकडं गेली. रात्री दोघींचं बोलणं झालं. पाळी चुकत नाही पण सात-आठ दिवस जाते आणि खूप जाते, दोन वर्षं झाली, तिला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. नडगीला आईनं दाबून बघितलं, एका जागी नाही, लांबवर दुखतं. परवा सुट्टी टाकून बेळगावला नेतो.

उद्यमबागचा दादा:

दहा दिवस झाले, काय झालं ते सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

हिमोग्लोबिन 10.6, फेरिटिन 7. डॉक्टर मॅडमनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न विचारला की ही शाळेला चालत कशी जाते. मी म्हणालो मॅडम, ही पळत जाते. त्या काही बोलल्या नाहीत, तिच्या डोक्यावर हात ठेवला. लोहाच्या गोळ्या दिल्यात तीन महिने, मग परत तपासायचं. जंताची गोळी पण दिली, शाळेत देतात ती हिनं घेतलीच नव्हती, आणि भाताच्या चिखलात अनवाणी उतरतो आम्ही सगळे, त्यातनं आकडीकृमी पायातनं शिरतात आणि आतड्यात रक्त पितात म्हणे, म्हणून घरातल्या सगळ्यांनाच घ्यायला सांगितलं. पाळीसाठी वेगळ्या मॅडमकडं चिठ्ठी दिलीय. एक्सरे पण काढला, चीर नाही, पण तीन आठवडे पळणं बंद, सायकल चालली तर चालेल.

मग सरांकडं गेलो. मला वाटलं रागावतील. रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ उभे होते. म्हणाले माझ्याकडं सहा पोरी हायत, मी एकीचंही रक्त बघितलं नाही. आता सगळ्यांनाच तपासून आणायला सांगितलंय, आणि बाकीच्या मुलींबरोबर एक शिक्षिका जाणार हायत, ते आधी ठरलेलं नव्हतं. आमच्या फीचा ॲडव्हान्स परत दिला, मी मागितला नव्हता.

उटी यंदा नाही. हिला सांगताना मला जमलं नाही, आईनं सांगितलं. एक दिवस जेवली नाही, बॅग उचलून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं की तीन महिन्यांनी फेरिटिन किती पाहिजे. वहीच्या मागं लिहून ठेवलंय तिनं आकडे. दसऱ्याच्या सुट्टीत बरी असली तर मास्तर, तुमच्याकडं आठ दिवस पाठवू काय महिपालगडाच्या चढाला? आमचा मामा शिनोळीपासून जवळच राहतो, मुक्काम तिथं.

अक्का, एक विचारायचं होतं. गोळी घेतली की पोटात मळमळतं म्हणून ती दुपारी चहाबरोबर घेते, चालतंय काय? आणि आई गुळाचा खडा देते रोज, रक्त वाढतं म्हणून.

शिनोळीचा पीटी मास्तर:

पाठव की, विचारतोस काय. पण डॉक्टरांचा नवीन कागद बघितल्याशिवाय मी पळवणार नाही हे आत्ताच सांगतो. सुरुवातीचे तीन दिवस नुसतं चालणं, वर मंदिरापर्यंत जाऊन खाली. आमच्या तीन पोरी हायत तिच्याच वयाच्या, सोबत होईल.

निपाणीची अक्का:

चहाबरोबर अजिबात नको. चहातल्या टॅनिनमुळं लोह अंगाला लागत नाही, गोळीच्या आधी आणि नंतर निदान एक-दीड तास चहा-कॉफी-दूध काही नको. लिंबूपाण्याबरोबर द्या, आवळा चालेल, आता काजूची बोंडं असतील घरात तर त्याचाही रस चालेल, त्यात भरपूर सी व्हिटॅमिन असतं. मळमळ फारच होत असेल तर रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं घेऊन झोपू दे, आणि तरी थांबली नाही तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या किंवा एक दिवसाआड चालेल का विचारा, पण मनानं बंद करू नका. शौच काळी होईल, घाबरू नका, ती गोळीमुळंच.

गुळाचा खडा आईला देऊ दे, पण त्यातलं लोह फार थोडं असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्या बेळगावच्या मसुराची आमटी रोज घट्ट करा, वरनं लिंबू पिळा, अळीव भिजवून त्याची खीर किंवा लाडू, आणि घरात चालत असेल तर मटण, कलेजी, अंडी. नाचण्याची आंबील हाडांसाठी छान. आणि भात, भाकरी पोटभर. ताटात किती घेतलं ते कुणी मोजायचं नाही, तिनं पण नाही.

तीन महिन्यांनी आकडा आला की इथं टाका. मी वाट बघते.